पाठीवर नाव असलेली घड्याळं

सेलूत जुन्या घड्याळांचा विषय निघाला की कोणी ना कोणी शिवकांतचं नाव काढतं, आणि काढताना जरा हसतं. त्या हसण्यात कुचेष्टा नसते. छत्तीस वर्षं एका हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढलेला हा माणूस. त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही. परीक्षानळी फुटली की फोडणाऱ्याच्या आधी हाच ओशाळायचा आणि म्हणायचा, "काच हाय, फुटायचीच." तराजूची मिलिग्रॅमची वजनं चिमट्यानं उचलताना तो श्वास रोखून धरायचा, आणि तपासणीला आलेले साहेबसुद्धा तेवढा वेळ बोलायचे थांबायचे. अशा माणसाला एखादं वेड असलं तर गावाला ते बरंच वाटतं.

वेड असं, की तो जुनी मनगटी घड्याळं घेतो. चावीची, रोज सकाळी पीळ द्यावा लागतो ती. महिन्याला पाचशे रुपये, त्याच्या वर जायचं नाही. पगार होता तेव्हाही पाचशे आणि आता पेन्शन आहे तरी पाचशेच. पूर्वी तेवढ्यात दोन घड्याळं यायची, आता दोन महिने थांबावं तेव्हा एक येतं. शौकीन लोक परदेशी कंपन्यांची नावं घेतात, पुण्या-मुंबईहून फोनवर सौदे करतात. शिवकांतच्या वाट्याला येतात ती त्या लोकांनी बाजूला सारलेली. काच तडकलेली, पट्टा नसलेली, आणि मुख्य म्हणजे पाठीवर नाव घातलेली.

सत्तर-ऐंशीच्या काळात आपल्याकडं लग्नात नवऱ्या मुलाला घड्याळ द्यायची रीत होती. सायकल, रेडिओ मागेपुढे व्हायचे, घड्याळ चुकायचं नाही. आणि जसं ताट-तांब्यावर नाव घालतात तसं घड्याळाच्या पाठीवर नाव घालून घ्यायचे, म्हणजे वस्तू कुणी दिली ते जावयाच्या ध्यानात राहतं. आता जुना माल घेणारे म्हणतात, नाव घातलं की घड्याळ खराब झालं. शहरातलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या सासऱ्याचं नाव मनगटाला लावून कशाला फिरेल? म्हणून ती स्वस्त. शिवकांत नेमकी तीच घ्यायचा. 'चि. गणपतराव यांस लक्ष्मीबाई व दिनकरराव यांजकडून.' 'जावईबापूंस सप्रेम, मानवत.' एकावर तर नुसतंच 'सांभाळून' असं कोरलेलं होतं. ते घड्याळाबद्दल की मुलीबद्दल, कोण जाणे. ते घड्याळ शिवकांतला फार आवडायचं.

त्याची बायको त्रिवेणी म्हणायची, "लोकं अंगावर बायकूचं नाव गोंदवून घेतात. आमच्या ह्यांनी गावभरच्या सासऱ्यांची नावं गोळा केली."

"एक तरी चालू असतं तर बरं झालं असतं," शेजारची सरजाबाई पुस्ती जोडायची.

"चालू हायत की. पर सगळी आपापल्या घरच्या टायमानं चालतात. किती वाजले इचारलं तर हे मोबाइल काढून बघतात."

शिवकांत हसायचा. घड्याळं एकेचाळीस झाली होती. प्रत्येकाला कापडाची एक पिशवी होती, तोंडाला दोरी ओढायची. जुन्या झंपरांच्या कापडातून या पिशव्या शिवून द्यायची ती त्याची मोठी बहीण, नागुबाई. तिला तो आक्का म्हणे. एकेचाळीस पिशव्या शिवल्या, पण 'हे कशाला जमवायलास' असं तिनं एकदाही विचारलं नाही.

आणि शिवकांतनंही कुणाला सांगितलं नव्हतं, त्रिवेणीलासुद्धा नाही, की त्याला एकेचाळीस घड्याळं नकोच होती. त्याला एक हवं होतं.

ते घड्याळ त्याच्या वडिलांनी, सांबप्पांनी (घरात त्यांना आप्पा म्हणत), एकोणऐंशीच्या वैशाखात नागुबाईच्या लग्नात जावयाला दिलं होतं. जावई राणीसावरगावचे, मन्मथप्पा. शिवकांत तेव्हा चौदा वर्षांचा. एच.एम.टी.चं घड्याळ, पांढरीशुभ्र डायल. त्या दिवसांत नव्या घड्याळाला नंबर लावावा लागायचा, सहा-सहा महिने थांबावं लागायचं; पण आप्पा सकाळच्या गाडीनं नांदेडला गेले आणि संध्याकाळी गुलाबी कागदात गुंडाळलेलं कोरं घड्याळ घेऊन आले. पाठीवर नाव घालून आणलेलं. मांडवात ते हातोहात फिरलं.

वीस-बावीस दिवसांत घड्याळ बंद पडलं. मन्मथप्पांनी गंगाखेडला दाखवलं. तिथला घड्याळवाला म्हणाला, मशीन जुनी आहे, डायल रंगवून वरून नवं केलंय. तोवर आखाड लागला होता. पहिल्या आखाडाला लेक माहेरी येते, तशी नागुबाई आली. आखाड संपला की सासरचं माणूस न्यायला येतं. सासरची माणसं आली, पण न्यायला नाही. चौघं जण मठात बसले आणि स्वामींच्या पुढं म्हणाले, "सांबप्पांनी आमाला फसवलं. जुनं घड्याळ नवं म्हणून गळ्यात मारलं."

भांडण तसं मोठं नव्हतं. चार शब्द इकडचे, चार तिकडचे, आणि शेवटी चहा, असंच झालं असतं. पण सांबप्पा उठले. त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं. रोज सकाळी ज्याची पूजा केल्याशिवाय ते पाण्याचा थेंब घेत नव्हते, ते लिंग. आणि म्हणाले, "ह्या लिंगाच्या साक्षीनं सांगतो, घड्याळ नांदेडच्या दुकानातनं कोरं आणलेलं हाय."

झालं. त्याच्यापुढं कुणाला काही बोलता येईना. पण मागंही येता येईना. दसऱ्याला नागुबाईचा मामा हैदराबादहून दुसरं नवं घड्याळ घेऊन आला. म्हणाला, "आप्पा, हे द्या आन मिटवा. पोरीचा संसार हाय." सांबप्पा म्हणाले, "दुसरं दिलं म्हंजे पहिलं खोटं व्हतं असं झालं. मी लिंग हातात घेतलं व्हतं." मामानं घड्याळ परत नेलं. मन्मथप्पांनी दोन वर्षांनी दुसरी केली. आखाडाला आलेली नागुबाई माहेरीच राहिली. पहिलं घड्याळ मात्र त्यांनी कधी परत पाठवलं नाही.

"पोरगी वापस केली, घड्याळ ठिवून घेतलं," गल्लीतल्या बायका म्हणायच्या.

सांबप्पा त्यानंतर दहा वर्षं जगले. गेले तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना मातीत बसवलं, आणि ते लिंग त्यांच्याबरोबरच गेलं. घरात त्या घड्याळाचा शब्द कुणी काढत नसे. पण शिवकांतच्या मनातून ते जाईना. आप्पा खरं बोलले असतील तर आक्काचं आयुष्य गेलं ते निदान खऱ्यापायी गेलं. आप्पा खोटं बोलले असतील, तर एका खोट्या शपथेवर झाकण म्हणून आक्का चुलीपुढं बसून राहिली. एवढंच त्याला कळायला हवं होतं. कळून काय करायचं, ते त्यानं ठरवलं होतं. आप्पा खरे निघाले तर राणीसावरगावला जायचं, मन्मथप्पांच्या पुढं घड्याळ उघडून ठेवायचं, आणि आक्काला येऊन सांगायचं.

ते कळू शकतं, हे त्याला पंधरा वर्षांपूर्वी खाजाभाईच्या दुकानात समजलं. खाजाभाई स्टेशन रोडला घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्या आधी त्याच जागी त्याचे वडील करायचे. शिवकांत स्वतःचं घड्याळ दाखवायला गेला होता. खाजाभाईनं पाठीचं झाकण काढलं, डोळ्याची दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "भाऊ, इधर देखो. झाकणाच्या आतल्या बाजूला."

आत सुईनं ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं होती. महिना, साल, आणि शेजारी एक फुली.

"ही काय हाय?"

"ही आमची नोंद. घड्याळ उघडलं की प्रत्येक कारागीर तारीख आन आपली खूण टाकतो. उद्या गिऱ्हाईक भांडायला आलं, 'कालच केलं व्हतं, आज बंद पडलं', की झाकण खोलून दाखवायचं. म्हणायचं, बाबा, ही बघ तारीख, साल झालं. बाहेरून मालकाचं नाव, आतून आमचं. बाहेरचं नाव समदे वाचतात, आतलं कोण वाचतं?"

शिवकांत त्या दिवशी घरी पायी आला. आप्पांचं नाव कोरलेल्या त्या झाकणाच्या आत वैशाख एकोणऐंशीच्या आधीची एकही तारीख नसेल, तर घड्याळ कोरं होतं. एक जरी असेल, तर नव्हतं. मशीन बदलली असेल, डायल बदलली असेल, काही फरक पडत नव्हता. झाकण मिळालं पाहिजे.

राणीसावरगावला जाऊन मागणं त्याला शक्य नव्हतं. प्रयोगशाळेत माणूस एक शिकतो, की जे हवं ते सरळ हाती येत नाही, आजूबाजूचं सगळं आधी गाळावं लागतं. त्यानं भंगारवाल्यांना, भांडी देऊन जुनं घेणाऱ्यांना, परभणी-गंगाखेडच्या बाजारात रुमाल अंथरून बसणाऱ्यांना सांगून ठेवलं: पाठीवर नाव असलेलं घड्याळ आलं की मला फोन करा, मी घेतो. आणि फोन आला की जाऊन तो खरंच घ्यायचा. कारण दोनदा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा फोन येत नाही. अशी एकेचाळीस जमली. आणि माणूस ज्याला हात लावतो त्याची माया लागतेच. तो ती पुसायचा, पीळ द्यायचा, नावं वाचायचा. घासूनपुसून चकाचक मात्र कधी करू द्यायचा नाही. खाजाभाईनं एकदा बफ मारून देतो म्हटलं तर शिवकांत म्हणाला होता, "नको. पुसू नका काही."

गेल्या वर्षी मार्गशीर्षात गंगाखेडची एक बाई लग्नात भेटली, तिच्याकडून कळलं, मन्मथप्पा गेले. जाऊन महिना झाला होता. कळवायला कुणी आलं नव्हतं. नागुबाई ऐकून घरी आली, न्हाली, पायातली जोडवी काढून देवळीत ठेवली, आणि ज्वारी निवडायला बसली. त्रिवेणी तिच्याजवळ जाऊन बसली तर म्हणाली, "सूप तेवढं इकडं सरकव."

यंदाच्या उन्हाळ्यात बजरंगचा फोन आला. बजरंग गंगाखेडचा, मोटारसायकलवर स्टीलची भांडी बांधून खेडोपाडी फिरतो, भांड्याच्या बदल्यात जुनं-पुराणं घेतो.

"काका, एक नावाचं आलंय. राणीसावरगावचं हाय."

शिवकांत उभा होता तो खाली बसला. "नाव काय लिवलंय?"

"थांबा, वाचतो. चिरंजीव म... मन्मथप्पा यांस. सांबप्पा, सेलू. एकुणीसशे एकोणऐंशी. तुमच्याच गावचं निघालं बघा."

"कुणी दिलं?"

"म्हातारा वारला म्हणं, बाईनं घर आवरायला काढलंय. दोन परातीवर समदं देऊन टाकलं. घड्याळ, कंदील, एक इस्त्री. बंद हाय पर. काटे बी न्हाईत. काका? लाइन हाय का?"

"हाय. कुणाला देऊ नको."

"कोण घेतंय? तुमच्याशिवाय हे खूळ कुणाला हाय?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं तो गंगाखेडला गेला. बजरंगनं दोनशे मागितले. शिवकांतनं खिशात हात घातला, पाचशेची नोट दिली आणि उरलेले घ्यायचे विसरून चालू लागला. बजरंग मागून ओरडला, "काका, पैसे!" तेव्हा त्याला वळायला लागलं. परतीच्या वाटेवर घड्याळ त्यानं खिशातून काढलं नाही. नुसती बोटं लावून बघत राहिला. कोरलेल्या अक्षरांच्या खाचा बोटाला लागत होत्या.

खाजाभाईचं दुकान दुपारचं उघडं होतं. गिऱ्हाईक नव्हतं. खाजाभाईनं घड्याळ पालथं घालून नाव वाचलं, वर बघितलं, आणि काही न विचारता झाकण सोडवायला घेतलं. झाकण घट्ट बसलेलं होतं. तेलाचा थेंब टाकून थांबावं लागलं. ती पाच मिनिटं दोघंही रस्त्याकडं बघत बसले.

झाकण निघालं. खाजाभाईनं डोळ्याला दुर्बीण लावली. बराच वेळ लावून ठेवली.

"किती तारखा हायत?" शिवकांतनं विचारलं.

"तीन."

"वाचा."

"शेवटली सहा-एकोणऐंशी. बाजूला गोल हाय. ही आपल्याकडची न्हाई, गंगाखेडची असंल."

"त्याच्या आधी?"

खाजाभाईनं दुर्बीण काढली. रुमालानं काच पुसली, परत लावली. "त्याच्या आधी चार-एकोणऐंशी. आन त्याच्या बी आधी, सात-शहात्तर. दोन्हीच्या बाजूला तीन टिंबं."

शिवकांतला आकडे कळले. टिंबं कळली नाहीत. "तीन टिंबं कुणाची?"

खाजाभाईनं दुर्बीण उतरवली. त्यानं झाकण कागदावर ठेवलं, कागद नीट केला. मग म्हणाला, "अब्बाची."

बाहेरून एक टेम्पो गेला. दुकानातल्या भिंतीवरची काच त्यानं हादरली.

"म्हंजे घड्याळ ह्या दुकानातलं हाय," शिवकांत म्हणाला. "नांदेडचं न्हाई."

"शहात्तर साली कुणीतरी अब्बाकडं दुरुस्तीला आणलं असंल. मग इकून गेलं असंल. एकोणऐंशीला अब्बानं परत उघडलं, मशीन धुतली, डायल रंगवली. त्या काळात लय व्हायचं असं. नवीन मिळायचंच न्हाई, लग्नाची तारीख तर निघालेली." खाजाभाई थांबला. "एक बोलू का भाऊ? अब्बा सांगून इकायचे. ग्राहकाला सांगायचे, हे जुनं हाय. पर तुमी घरी असं सांगा, की अब्बानं लपवून इकलं. नवं म्हणून दिलं, तुमच्या वडलांना काय ठाऊक? अब्बाला जाऊन तीस साल झाले. त्यांचं काय बिघडणार हाय? माझी तक्रार न्हाई."

शिवकांत त्याच्याकडं बघत राहिला. चाळीस वर्षांची ओळख, पण या माणसाचा हात आपण आजवर कधी हातात घेतला नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. आत्ताही घेतला नाही. त्यानं मान हलवली, झाकण आणि घड्याळ कागदात बांधून घेतलं.

घरी येईपर्यंत त्यानं ते वाक्य तीन-चारदा मनात म्हणून बघितलं. नांदेडला जाता जाता आप्पांना इथंच घड्याळ मिळालं. दुकानदारानं नवं म्हणून दिलं. दुकान नांदेडचं नव्हतं एवढंच आप्पा चुकीचं बोलले. असं म्हटलं की शपथ अगदीच खोटी ठरत नव्हती. जोड दिसत होता, पण दिसला तर दिसला. आक्काला एवढं पुरलं असतं.

नागुबाई मागच्या अंगणात सांडगे घालत होती. त्रिवेणी बाजारात गेली होती. शिवकांत जवळ जाऊन बसला आणि कागद सोडून घड्याळ आणि सुटं झाकण तिच्यापुढं धरलं. तिनं हात पाण्यात बुचकळून पदराला पुसले, झाकण घेतलं, पालथं घातलं. वाचायला चष्मा लागतो, तो आत होता. मग तिनं बोटानं चाचपून बघितलं.

"मन्मथप्पाचं न्हवं?"

"व्हय."

"मला ठाऊक व्हतं, तू हेच हुडकायलास." तिनं ते उन्हाला धरलं. "काय काय लिवलंय, वाच बरं."

त्यानं वाचून दाखवलं. जावयाचं नाव, आप्पांचं नाव, गाव, साल.

"माझं नाव कुठं हाय?"

"तुझं न्हाई, आक्का. तशी रीत नव्हती."

"न्हाई न्हाई, मी आपलं इचारलं." तिनं झाकण परत दिलं आणि सांडग्याच्या पिठाकडं वळली.

शिवकांत म्हणाला, "आज उघडून बघितलं. जुनंच व्हतं. गंगाखेडवाला खरं बोलला व्हता. पर त्यात आप्पांची चूक न्हाई. खाजाभाईच्या अब्बानं फसवलं आप्पांना. नवं म्हणून दिलं. आप्पांना काय..."

"शिवा." नागुबाईनं हातातला गोळा ताटात ठेवला. "मेलेल्या माणसावर आळ कामून घालायलास? बिचारा लय सज्जन व्हता. मी लहान असताना बत्तासे द्यायचा."

"आप्पा नांदेडला गेले त्या दिवशी मी दशम्या बांधून दिल्या व्हत्या," ती म्हणाली. "दुपारी मायनं मला जिनिंगकडं धाडलं, सरकी आणायला. वाटेत खाजाभाईच्या अब्बाचं दुकान. आप्पा पायरीवर बसले व्हते. दशमी सोडून खायलेते. आत त्यो मानूस डायलीला रंग द्यायलाता. मी उभी राह्यले. आप्पांनी मला बघितलं. मी बी बघितलं. मंग मी सरकी आणायला गेले."

"काही बोलले न्हाईत?"

"काय बोलणार? रात्री म्हणाले, नांदेडला लय गर्दी व्हती. मायनं इचारलं, नागू, वाढलंस का? मी वाढलं."

पंधरा वर्षं शिवकांत गावोगावचे रुमाल चाळत फिरला होता, आणि हे सगळं त्याच्या घरात चुलीपुढं बसलेलं होतं. एका प्रश्नाच्या अंतरावर. त्याचा त्याला राग आला, पण तो कुणावर काढायचा हे कळेना.

"मठात तू व्हतीस," तो शेवटी म्हणाला.

"व्हते की. बायकांत बसले व्हते. आप्पांनी लिंग हातात घेतलं, तवा स्वामीकडं बघून शपथ घ्यावी का न्हाई? माझ्याकडं बघून घेतली."

"मंग तू बोलायचं व्हतंस, आक्का."

"काय म्हणायचं? हातात लिंग धरलेल्या बापाला म्हणू, खोटं बोलू नका?" तिनं सांडग्याचा एक गोळा उचलला, बोटांनी चपटा केला. "आन त्यात एवढं काय व्हतं. घड्याळाचं भांडण. मला वाटलं, महिना-दोन महिने रुसतील आन यील कोणतरी न्यायला. पेटी बांधलेलीच व्हती माझी."

"दुसरी केली तवा?"

"तवा म्हणलं, दोघी नांदू. नांदतात की लोकं."

आप्पा शेवटची दहा वर्षं भिंतीकडं तोंड करून जेवायचे. लोक म्हणायचे, लेक परत आल्याचं दुःख. शिवकांतही तेच धरून चालला होता. ताट नागुबाईच वाढायची. ती वाढून मागं सरायची आणि मग ते घास घ्यायचे.

"आप्पांनी तुला कधी... म्हंजे पुढं कधी काही..."

"एकदा. तू परभणीला व्हतास. ताप व्हता त्यांना. म्हणाले, नागू, आता मला सोडवता येईना. मी म्हणलं, राहू द्या." ती जरा थांबली. "तवा वाटलं व्हतं, आता हेच धाडतील मला. स्वतः उठून नेऊन घालतील. न्हाई धाडलं. बरं बी झाले न्हाईत."

खाटेवर घातलेल्या धोतरावर सांडग्यांच्या सहा ओळी झाल्या होत्या. ऊन उतरायला अजून अवकाश होता.

"किती दिवस वाटलं तुला?" शिवकांतनं विचारलं. "की यील कोणतरी म्हणून?"

नागुबाई हिशेब करत असावी असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं; बाजारातून आलेल्या बाईनं सामान आठवून बघावं तसा.

"गेल्या मार्गशीर्षापर्यंत," ती म्हणाली.

शिवकांत तिच्याकडं बघू शकला नाही. घड्याळ त्याच्या हातात होतं, झाकण वेगळं, मशीन वेगळी. ते परत बसवायला खाजाभाईकडं जावं लागलं असतं. त्याला ते कुठं ठेवावं हेही कळेना, कारण बेचाळिसावी पिशवी अजून शिवलेली नव्हती आणि ती मागायची त्याची छाती नव्हती.

"वरलं धोतर धर," नागुबाई म्हणाली, "झाकून ठिवू. चिमण्या येतात."

तो उठला. दोघांनी धोतराची चार टोकं धरून सांडग्यांवर पसरलं. वारं नव्हतं, तरी तिनं चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले, एकेक दाबून बघितला, आणि उरलेलं पीठ उचलून घरात गेली.